कोलाडला न्यायच्या आधी पोरांना पाण्यात पडायला शिकवा

परळच्या आमच्या व्यायामशाळेतल्या पोरापोरींना मी दर जानेवारीत रायगड जिल्ह्यातल्या कोलाडला कुंडलिका नदीवर राफ्टिंगला नेते. पंधरा ते एकोणीस वयाची सतरा-अठरा जणं असतात. त्यात लेझीमच्या मुली असतात, दहीहंडीला खालच्या थरात खांदा देणारे गडी असतात, आणि दादरच्या चौपाटीवर गुडघाभर पाण्यापलीकडे कधीच न गेलेलीही असतात.

पहिल्या वर्षी मी काहीच तयारी करून घेतली नव्हती. पोरं दणकट आहेत, बाकीचं तिथला गाइड बघून घेईल, असं धरून चालले होते. दुसऱ्याच रॅपिडवर, म्हणजे दगडांतून पाणी उसळत धावतं तिथे, आमचा सगळ्यात ताकदवान गडी बाहेर फेकला गेला. अंगात लाइफ जॅकेट होतं, राफ्ट दोन हातांवर होती, गाइड ओरडत होता, "पाय वर! पाय वर!" आणि हा पठ्ठ्या पाण्यात उभं राहायला बघत होता. गुडघा दगडावर आपटला, सालटं निघालं, पुढच्या क्षणी त्याला वर ओढून घेतलं. एवढ्यावर निभावलं. परतीच्या बसमध्ये तो माझ्या शेजारी येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "ताई, मला पोहता येत नाही. फॉर्मवर खोटं लिहिलं. सगळे हसले असते."

त्या दिवसापासून आमची तयारी सहा आठवडे आधी सुरू होते, आणि ती सगळी एका गोष्टीभोवती फिरते: पाण्यात पडल्यावर काय करायचं. वल्हं मारायला गाइड तिथे पंधरा मिनिटांत शिकवतो. पडल्यावर डोकं शांत ठेवायला पंधरा मिनिटं पुरत नाहीत.

आधी बोलून घ्या, एकेकट्याशी

"पोहता येतं का?" हा प्रश्न घोळक्यात विचारूच नका. घोळक्यात सगळ्यांना पोहता येतं. मी एकेकाला जिन्यावर बोलावते आणि विचारते, "नाकातोंडात पाणी गेलं तर तुझं काय होतं?" या प्रश्नाला पोरं खरं उत्तर देतात. कुणी लहानपणी गावच्या विहिरीत गटांगळ्या खाल्लेल्या असतात, कुणाला डोक्यावरून तांब्या ओतला तरी जीव घाबरा होतो. हे सगळं वहीत लिहून ठेवा. पोहता न येणं ही अडचण नाही, जॅकेट तरंगवतं. पण घाबरणारं पोर कोणतं, हे तुम्हाला आधी ठाऊक पाहिजे.

त्याच वेळी तब्येतीचं विचारून घ्या. दमा, फिट येणं, हृदयाचा त्रास, कानाच्या पडद्याला भोक, नुकतंच झालेलं ऑपरेशन. यातलं काही असेल तर डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय मी नेत नाही. दम्याचा पंप असलेल्या मुलाचा पंप गाइडच्या पाणी न शिरणाऱ्या पिशवीत जातो, बसमधल्या सॅकमध्ये नाही. आमच्या भागातला एक खास प्रश्न म्हणजे खांदा. गोविंदा पथकातल्या बऱ्याच पोरांचा खांदा कधी ना कधी निखळलेला असतो आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही. एकदा निखळलेला खांदा वल्ह्याला झटका बसला किंवा कुणाला वर ओढायला गेलं की पुन्हा निखळू शकतो. म्हणून "खांदा कधी गेला होता का?" हे नाव घेऊन विचारा.

मुलींशी पाळीबद्दल बाईमाणसाने आधीच बोलावं. तारीख जवळ असेल तर काय वापरायचं, कपडे कुठे बदलता येतील, आणि नको वाटलं तर काठावर थांबता येईल, एवढं सांगितलं की त्या निवांत होतात. गटाबरोबर बाईमाणूस नसेल तर कुणाच्या तरी आईला बरोबर घ्या.

आईवडिलांची सभा

ही सभा मी रविवारी सकाळी व्यायामशाळेतच घेते. आमच्या व्यायामशाळेने दोन लाइफ जॅकेटं विकत घेऊन ठेवली आहेत. त्यातलं एक मी कुणाच्या तरी वडिलांना घालायला लावते, पट्टे आवळते आणि दोघांना सांगते, खांद्याला धरून वर खेचा. जॅकेट हनुवटीपर्यंत सरकलं तर सैल आहे. घट्ट असेल तर माणूसच वर उचलला जातो. हे डोळ्यांनी बघितलं की आयांचे चेहरे बदलतात.

एका आजींनी विचारलं होतं, "पाणी किती खोल आहे ग?" मी त्यांना सांगितलं, आजी, खोलीची भीती नाही, जॅकेट खोल पाण्यातही तरंगवतं. भीती वाहत्या पाण्यातल्या दगडांची आहे, आणि त्यासाठी पोरांना कसं पडायचं ते शिकवतेय. खोटा दिलासा देऊ नका. आयोजकाचा जोखमीचा फॉर्म बहुधा इंग्रजीत असतो. तो सभेत ओळ-ओळ मराठीत वाचून दाखवा आणि मगच सह्या घ्या. सही नाही तर मूल नाही, मग ते कितीही रडो.

नदीची गोष्ट सांगा, कामाची आहे

कुंडलिकेचं पाणी कुठून येतं हे मी पोरांना दुसऱ्या आठवड्यात सांगते. मुळशी धरण मुळा नदीवर आहे. मुळेचं पाणी खरं तर मुठा, भीमा, कृष्णा करत पूर्वेला बंगालच्या उपसागराला जायचं. टाटांनी ते सह्याद्रीच्या कड्यावरून पश्चिमेला खाली सोडलं आणि त्यावर भिऱ्याला वीज तयार केली, १९२७ साली. ती वीज मुंबईसाठी होती, इथल्या गिरण्यांसाठीही. आणि त्या धरणात ज्यांची शेतं बुडणार होती, त्या मावळातल्या शेतकऱ्यांसाठी १९२१ मध्ये मुळशी सत्याग्रह झाला, सेनापती बापटांच्या पुढाकाराने. लोअर परळहून दादरकडे जाताना रोज तुडवतो तो सेनापती बापट मार्ग त्यांच्याच नावाचा. हे ऐकताना पोरं गप्प होतात. आमच्यातल्या बऱ्याच जणांचे आजोबा गिरणीत होते.

ही गोष्ट सांगायचं दुसरं कारण सुरक्षिततेचं आहे. वीज तयार करून झाल्यावर सोडलेलं पाणी खाली कुंडलिकेत येतं, म्हणून तिथे उन्हाळ्यातही राफ्टिंग होतं. हे पाणी सकाळी येतं. ते यायच्या आधी नदी अगदी गरीब दिसते, दगड उघडे असतात, पोरांना वाटतं पात्रात उतरून फोटो काढावेत. मग पाणी वाढतं, आणि भराभर वाढतं. गाइडने सांगितल्याशिवाय पात्रात पाऊल टाकायचं नाही, हा आमचा पहिला नियम आहे, आणि पाणी कुठून येतं ते कळल्यामुळे पोरं तो मनापासून पाळतात.

पाणी सोडणं वीजनिर्मितीवर अवलंबून असतं, तेव्हा आदल्या संध्याकाळी आयोजकाला फोन करून उद्या पाणी आहे ना, किती वाजता, हे विचारा. मी जुलै-ऑगस्टमध्ये नवख्या पोरांना नेत नाही. पावसाचं पाणी त्यात मिसळलं की नदीचा अंदाज बदलतो. जानेवारीत पाणी गार असतं, पण आकाश स्वच्छ आणि नदी ओळखीची असते.

आयोजक निवडताना

राज्य सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यानुसार आयोजकाने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. नोंदणीचा कागद मागा, मागायला लाजू नका. मग विचारा: गाइडचं प्रशिक्षण कुठलं, राफ्टच्या बरोबर बचावाची कायाक (एकट्याने वल्हवायची छोटी होडी) असते का, प्रत्येक राफ्टमध्ये फेकायचा दोर असतो का, विमा कुणाचा आणि कशाचा, किती वर्षांखालच्यांना नेत नाहीत. वयाच्या प्रश्नाला "चालतंय हो, बघू" असं उत्तर आलं, की मी फोन ठेवते.

एका वर्षी आम्ही पोचलो तेव्हा दिलेल्या जॅकेटांपैकी पाचांची बकलं तुटलेली होती आणि जागी सुतळी बांधली होती. मी बदलून मागितली. "काही होत नाही ताई, रोज जातात लोक," असं सांगण्यात आलं. मी पोरांना परत बसमध्ये बसवलं. आगाऊ दिलेले पैसे बुडाले, पोरं रडवेली झाली, आणि मला दोन दिवस झोप लागली नाही. तरी पुन्हा तीच वेळ आली तर मी पुन्हा तेच करीन. तुम्हीही ही तयारी मनाशी ठेवूनच घरातून निघा, आणि पोरांनाही सांगून ठेवा की काठावरून परत यावं लागू शकतं.

व्यायामशाळेतली राफ्ट

आठवड्यातून दोन संध्याकाळी आम्ही फरशीवर खडूने राफ्ट काढतो, चौदा फूट लांब, सहा-साडेसहा फूट रुंद. दोन्ही बाजूंना लांब बाक. पोरं बाकाच्या बाहेरच्या कडेला बसतात, तोंड पुढे, पाय आत. मध्ये मल्लखांबाखालच्या गाद्या गुंडाळून आडव्या टाकायच्या आणि त्यांच्याखाली पाय घट्ट खुपसायचे. राफ्टमध्ये असंच असतं: वल्हं मारताना हाताने काही धरता येत नाही, माणूस पायांच्या पकडीवर बसतो. वल्हं म्हणून लाठीच्या कापलेल्या काठ्या, वरच्या टोकाला कापड गुंडाळून केलेली आडवी मूठ. वल्ह्याच्या त्या मुठीवरून हात सुटता कामा नये. सुटली की ती शेजाऱ्याच्या तोंडावर बसते, राफ्टिंगमध्ये दात जातात ते बहुतेक असेच.

ठेका लेझीमचा. पुढचे दोघं ठेका धरतात, मागचे पाण्याकडे न बघता त्यांच्या खांद्यांकडे बघतात. दंडाने ओढायचं नाही, कमरेतून वाकून सगळ्या पाठीने ओढायचं. हुकूम गाइड देतात त्याच शब्दांत द्या: फॉरवर्ड, बॅकवर्ड, स्टॉप, होल्ड ऑन, गेट डाऊन. 'गेट डाऊन' म्हटलं की बाकावरून आत खाली बसायचं, एका हाताने राफ्टच्या कडेचा दोर, दुसऱ्या हाताने वल्ह्याची मूठ. पहिले दोन दिवस शांततेत करून घ्या. तिसऱ्या दिवशी मी शेजारी दोघांना ढोल बडवायला बसवते. रॅपिडमध्ये पाण्याचा आवाज तेवढाच असतो, आणि त्या आवाजात हुकूम ऐकायला कान तयार व्हावे लागतात. तीन हाकांनंतरही एकाचं वल्हं उलटं फिरतंय असं दिसलं, तर त्याला पुढे बसवू नका.

मग पडण्याचा सराव. कुणालाही न सांगता मी एकाच्या पाठीवर थाप मारते, तो बाकावरून बाहेर गादीवर पडतो. पडला की लगेच उताणं, पाय वर आणि प्रवाहाच्या दिशेला, पायाची बोटं आपल्या डोळ्यांना दिसली पाहिजेत. का, ते तोंडी सांगून पटत नाही. म्हणून भिंतीच्या शिडीच्या सगळ्यात खालच्या दांड्याखाली एकाला पाऊल अडकवायला लावते आणि दोघांना सांगते, याला पाठीमागून हळूच पुढे ढकला. पाय अडकलेला, अंग पुढे चाललेलं, पाय सोडवायला मागे यावं तर ढकलणारे येऊ देत नाहीत. त्याच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते बाकीचे बघतात. वाहत्या पाण्यात उभं राहिलं की दोन दगडांमध्ये पाय असाच अडकतो आणि पाणी ढकलणं थांबवत नाही. हा खेळ केल्यापासून आमच्या एकाही पोराने नदीत उभं राहायचा प्रयत्न केलेला नाही.

पडलेल्याला आत घेणं ही ताकदीपेक्षा युक्तीची गोष्ट आहे. त्याच्या जॅकेटचे दोन्ही खांद्यांवरचे पट्टे धरायचे, हात किंवा केस नाही. गुडघे बाकाला टेकवायचे आणि सरळ मागे आत पडायचं. तुमच्या पडण्यानेच तो वर येतो. आमची चाळीस किलोची मुलगी ऐंशी किलोच्या गड्याला अशी आत घेते, आणि ते जमल्यावर ती जी हसते ते बघण्यासारखं असतं.

दोर फेकला गेला तर दोर छातीशी धरायचा, खांद्यावरून जाऊ द्यायचा, उताणं राहायचं. मनगटाला गुंडाळायचा नाही, कधीच नाही.

पोहण्याच्या तलावावर एक तास

निदान एकदा तरी पोरांना जॅकेट घालून खऱ्या पाण्यात उतरवा. पालिकेच्या किंवा शाळेच्या तलावावर परवानगीसाठी महिनाभर आधी अर्ज द्या, जीवरक्षक हजर असेल तीच वेळ मागा. दोन-दोन करून पोरं पाण्यात सोडा.

गेल्या वर्षीची एक मुलगी कठड्याची नळी सोडायलाच तयार नव्हती. ओठ निळे, बोटं पांढरी. मी पाण्यात तिच्या शेजारी उभी राहिले. तिला म्हटलं, सोडू नकोस, फक्त श्वास बाहेर टाक, लांब. ती श्वास टाकेपर्यंत जॅकेटने तिला आपसूक वर उचललं होतं, तिच्या ध्यानातही आलं नाही. मग मान मागे टाकायला सांगितली. कान पाण्यात गेले आणि बाहेरचा गोंगाट बंद झाला. एकेक बोट करून तिने नळी सोडली. मिनिटभर ती तशीच आभाळाकडे बघत तरंगत राहिली, मग मला म्हणाली, "ताई, हे मला धरून ठेवतंय." घाबरणाऱ्या पोराला घाई करू नका, ओढू नका, दुसऱ्यांना बघायला बोलावू नका.

तलावात आणखी एक करून घ्या. जाड थर्मोकोलच्या शीटखाली डोकं जाऊ द्यायचं, हात वर टेकवायचे आणि एकाच दिशेने सरकवत बाहेर यायचं. राफ्टखाली गेलं तरी हेच करायचं असतं. दोन-चार सेकंदांचं काम आहे, पण आधी केलेलं असलं की त्या अंधारात माणूस गोंधळत नाही.

कपडे, खाणं, निघणं

जीन्स नको, जाड सुती टीशर्ट नको, भिजून जड होतात आणि थंडी धरून ठेवतात. खेळायचा पॉलिएस्टरचा टीशर्ट आणि ट्रॅक पँट किंवा टाइट्स घाला. पायात नाडीचे जुने बूट, नाहीतर मागे पट्टा असलेले सँडल. चपला आणि क्रॉक्स पहिल्याच रॅपिडला वाहून जातात. चष्म्याला दोरी बांधा. कडं, अंगठी, साखळी, कानातली लोंबती डूल घरीच ठेवा. मोबाइल बसमध्ये. दोन जोड कोरडे कपडे आणि एक मोठा टॉवेल हवा.

कोलाड मुंबईपासून साधारण १२० किलोमीटर आहे, पण मुंबई-गोवा महामार्गाचा भरवसा धरू नका. आम्ही पहाटे साडेतीनला परळहून निघतो. पेण-वडखळच्या आसपास पोहे किंवा इडली आणि थोडा चहा, बस्स. मिसळ-वडे परतीच्या वाटेवर खा. गाडी लागणाऱ्यांना उलटीची गोळी निघण्याआधी द्या, कर्नाळ्यात नाही.

मोठ्यांपैकी एकजण गाडीबरोबर काठावर राहतो. त्याच्याकडे सगळ्यांच्या घरचे नंबर, औषधं आणि तब्येतीची वही असते. रुग्णवाहिकेसाठी १०८. जवळचं मोठं गाव रोहा, तिथल्या सरकारी रुग्णालयाचा रस्ता गाडीवाल्याने आधीच विचारून ठेवायचा.

नदीवर

प्रत्येक राफ्टमध्ये एक मोठं माणूस. जिवलग मित्रांचा घोळका एका राफ्टमध्ये बसू देऊ नका, घाबरणाऱ्याला गाइडच्या जवळ मागे बसवा, ठेका चांगला असलेले दोघं पुढे. वहीत ज्यांची नावं आहेत ती मी गाइडला बाजूला घेऊन सांगते. जॅकेट आणि हेल्मेट गाइडने तपासलं तरी मी स्वतः एकेकाचा पट्टा ओढून बघते. हेल्मेट कपाळ झाकणारं हवं, डोक्यावर मागे कललेलं नको. गाइडचं बोलणं चालू असताना कुणी गप्पा मारल्या तर मी त्याला तिथेच थांबवते, तो राफ्टमध्ये बसत नाही. हे एकदाच करावं लागलं.

साधारण १२ किलोमीटरचा पट्टा आहे, दोन-तीन श्रेणीचे रॅपिड (एक सगळ्यात सोपी श्रेणी, सहा सगळ्यात अवघड). पुढे शांत पाणी लागतं तिथे गाइड पाण्यात उतरू देतात. तेव्हा मी उतरायची सक्ती करत नाही, पण सगळे उतरतातच. पायाची बोटं वर काढून एका रांगेत वाहत जाणारी आमची पोरं बघितली, की सहा आठवड्यांचा शीण उतरतो.

काठाला लागलं की आधी मोजणी, मग फोटो. ओले कपडे लगेच बदलायला लावा, जानेवारीच्या वाऱ्यात पोरं कुडकुडतात आणि लाजून सांगत नाहीत. गरम चहा आणि गूळ-शेंगदाण्याचे लाडू गाडीत तयार ठेवा. कुणी पाणी जास्त गिळलं असेल, खोकला थांबत नसेल किंवा श्वास जड वाटत असेल, तर त्याला शेजारी बसवून घ्या, आणि त्रास वाढतोय असं दिसलं तर मुंबईची वाट न बघता रोह्यालाच डॉक्टरांना दाखवा. घरी गेल्यावरही रात्रभर लक्ष ठेवायला त्याच्या आईला मी स्वतः फोन करून सांगते.

बस परळला पोचते तेव्हा दिवेलागण झालेली असते. आया नाक्यावर उभ्याच असतात. मी वही उघडते आणि ज्याचं पोर त्याच्या हातात दिलं, त्या नावापुढे खूण करते. अठरावी खूण झाली की बसवाल्याचे पैसे देते.